दाजींचा मेक्सिको

मेक्सिको हा देश सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गात शिरताना उजव्या हाताला, आमच्या थोरल्या दाजींच्या अंगणात होता, हे मी भूगोलाचा शिक्षक असूनही शपथेवर सांगायला तयार आहे. नकाशात दाखवतात तिथंही एखादा असेल. तो मी पाहिलेला नाही. दाजींनीही पाहिलेला नव्हता. त्यांचा आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास गुलबर्ग्यापर्यंतचा, आणि तोही अक्कलदाढ काढायला. ती तिथंच ठेवून आले की काय, असं मी पुढे बरीच वर्षं चारचौघांत म्हणत असे आणि चारचौघं हसत असत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणायचो आणि शाळेत ओरडून ओरडून माझा आवाज मोठा झालेला, त्यामुळे ते सगळ्या गावानं ऐकलं. मग चहावाला, पोस्टमन, ढाब्यावर थांबणारे पंजाबी ड्रायव्हर, सगळ्यांचेच ते दाजी झाले. नोकरी सहकारी खरेदी-विक्री संघाच्या गोदामात, गोदामकीपरची. अंगाला बारदानाचा आणि पोत्यांत मारायच्या पावडरीचा वास कायमचा. तो वास आधी घरात यायचा, मग दाजी यायचे. मी उमरग्याला शाळेत होतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी. धरून मी अक्काकडे जायचो. जेवण तिच्या हातचं असे आणि करमणूक दाजींची.

गोदामात तेव्हा मेक्सिकन गव्हाचं बियाणं आलं होतं. बुटका गहू, रंगानं तांबूस, चपातीला वातड, पण पीक भरघोस, असा त्याचा लौकिक. त्या गव्हाचं शिक्षण खुद्द मेक्सिकोत घेऊन आलेले एक साहेब एकदा गोदाम बघायला आले. लोकांनी त्यांना एकरी उतारा विचारला, खत विचारलं. दाजींनी विचारलं, "सायेब, तिकडं पाऊस कसाय?" साहेब घाईत होते. ते म्हणाले, "अहो, अगदी तुमच्यासारखंच आहे सगळं. दगड, ऊन आणि काटे." आणि या चौकस माणसाला काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी पिशवीतलं एक जुनं कॅलेंडर काढून दिलं. बारा महिन्यांची बारा रंगीत चित्रं, सगळी मेक्सिकोतल्या घरांची आणि अंगणांची. साल दोन वर्षांपूर्वीचं आणि अक्षर कोणालाच न लागणारं. अक्कानं पहिल्याच दिवशी त्यावर चतुर्थी शोधून पाहिली, सापडली नाही, तेव्हाच तिच्या मनातून तो देश उतरला.

दाजी मात्र त्या बारा चित्रांसमोर महिनाभर बसून होते. मग एका शनिवारी मला म्हणाले, "पाव्हणं, तुमी भूगोल शिकवता. मला सांगा, तिथं दगड, इथं दगड. तिथं ऊन, इथं ऊन. काटे तर आपल्याकडं जास्तच. मग ती घरं एवढी आनंदात का दिसत्यात, आन् आपली घरं सुतकात असल्यागत का?" मी पर्जन्यमान, समुद्रसपाटीपासूनची उंची वगैरे सांगायला लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं. "फरक फक्त रंगाचाय," ते म्हणाले. "आपन दुष्काळ लपवतो. ते लोक दुष्काळ मांडून ठेवतात."

हे त्यांनी बहात्तरच्या दुष्काळाच्या तोंडावर म्हटलं. मांडून ठेवायला माल भरपूर येणार होता.

पहिल्यांदा आला निवडुंग. आमच्याकडे निवडुंग कुणी लावत नाही, तो असतो. शेताच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, कुंपणाला. लोक तो तोडून टाकण्यासाठी मजूर लावतात. दाजींनी तो आणण्यासाठी बैलगाडी लावली. फड्या निवडुंग, त्याच्या शेजारी घायपात, मधे पांढरे गोटे, असा जानेवारीच्या चित्राबरहुकूम देखावा त्यांनी अंगणात उभा केला. गाडीवानाला वाटलं माल चुकीच्या घरी उतरतोय, म्हणून तो तीनदा विचारून गेला. अक्का म्हणाली, "दारात काटे लावल्यावर घरात भांडनं हुत्यात." दाजी म्हणाले, "आपल्यात आधीपास्नं हायेत. आता निदान कारण दिसंल." त्यानंतर त्या घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या धोतराचा एखादा धागा मेक्सिकोला राहिला. माझी एक नवी विजारही त्यात कामी आली.

अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात एक मोगरा होता. तो कोणत्याच महिन्याच्या चित्रात नव्हता. आमच्या आईनं माहेरच्या अंगणातली फांदी अक्काला लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला दिली होती, तिचा हा वेल. आई पुढे गेली, घर भाऊबंदकीत गेलं, अंगणावर आता कुणाचा तरी ट्रॅक्टर उभा असतो. आईच्या हातचं म्हणून जगात उरलेलं ते एवढंच. अक्का रोज संध्याकाळी त्याच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय चुलीकडे वळत नसे. मेक्सिकोची हद्द वाढत वाढत त्या कोपऱ्याकडे सरकू लागली तशी तिची नजर धारदार होत गेली. "एवढ्याला हात लावायचा न्हाय," तिनं बजावलं. दाजींनी लावला नाही. पण त्याच सुमारास गल्लीचा आड आटला, टँकर सुरू झाला आणि दाजींनी गोदामात, दहा माणसांसमोर, छाती पुढे काढून जाहीर केलं, की आपल्या बागेला पाण्याचा एक थेंब लागत नाही आणि लागणारही नाही.

"मग त्यो मोगरा?" कुणीतरी विचारलं.

"त्याला जगायचं तर मेक्सिकन होऊन जगंल," दाजी म्हणाले.

हे अक्काच्या कानावर त्याच दिवशी आलं. नळदुर्गात पाणी पोचत नव्हतं, बातमी पोचत होती.

मग मार्चच्या चित्रातलं निळं घर त्यांच्या डोक्यात शिरलं. चुन्यात नीळ कालवून त्यांनी दर्शनी भिंत रंगवायला घेतली. पहिला हात फिक्का आला, दुसरा आला, तिसऱ्याला बाजारातली कपड्याची नीळ संपली आणि त्या महिन्यात गावातली सगळी धोतरं पिवळी दिसत होती. भिंत मात्र अशी निळी झाली की येणाऱ्याजाणाऱ्याची नजर ठरू नये. आता आमच्या भागात निळा रंग म्हणजे काय, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त दाजींना, कारण ते त्या वेळी मेक्सिकोत होते. तिसऱ्या दिवशी बौद्धवाड्यातले गुरुजी दारात उभे. माझेच व्यवसायबंधू, गणिताचे, स्वच्छ टोपी घालणारे शांत गृहस्थ. हातात पेढ्याचा पुडा. "जय भीम, दाजी," ते म्हणाले. दाजींनी "जय भीम" म्हणून पुडा घेतला, कारण पेढा नाकारण्याची त्यांच्यात पद्धत नव्हती. गुरुजींनी त्यांना चौदा एप्रिलला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं आणि दाजी गेले. बोलायला उभे राहून मेक्सिकोवर पाऊण तास बोलले. लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

परतताना गुरुजी त्यांना घरापर्यंत सोडायला आले. भिंतीकडे बघत म्हणाले, "दाजी, आता कळालं, रंग कुठनं आलाय ते. कुठनं का आला असंना. आता फिक्का करू नका, एवढंच." आम्ही लिंगायत माणसं, गल्लीतल्या आमच्याच भाऊबंदांनी तोवर दाजींकडे हळदी-कुंकवाला बायका पाठवणं बंद केलं होतं. भिंत पुन्हा पांढरी करा म्हणून दोघे वडीलधारे येऊनही गेले. दाजींनी केली नाही. त्यात धैर्य किती होतं आणि नवा चुना आणायचा कंटाळा किती, हे मला त्या वेळी ठरवता आलं नाही. मी सोयीनं कंटाळा धरून चाललो होतो.

याच दिवसांत त्या गव्हाच्या साहेबांनी पाठवलेली एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली. तीत कोणतं झाड मुळात कुठून आलं याची माहिती होती. माझ्या दृष्टीनं हा या कथेतला सगळ्यात वाईट दिवस. कारण त्या दिवशी दाजींना कळलं, की निवडुंग तिकडचाच. घायपात तिकडची. मिरची तिकडची, मका तिकडचा, सीताफळ तिकडचं, पेरू आणि झेंडूसुद्धा त्याच बाजूचे. ताटात ठेचा आला की ते "मेक्सिको" म्हणत आणि घास घेत. दसऱ्याला दाराला तोरण बांधताना "मेक्सिको" म्हणाले. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना हे सहन झालं नाही. "माज्या सासूच्या सासूनं ठेचा केला," त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, "तवा कुटं व्हता रं तुजा मेक्सिको?" दाजी म्हणाले, "तुमच्या वरवंट्याखाली व्हता, काकू." काकूंनी आठ दिवस ठेचा केला नाही.

त्या दसऱ्याला मी तिथंच होतो. जेवणं झाली आणि दाजी अंगणात उभं राहून एकेका झाडाकडे बोट दाखवत गेले. हे तिकडचं, ते तिकडचं, ते बी तिकडचं. फिरत फिरत बोट पूर्वेच्या कोपऱ्यावर आलं. मोगऱ्याची पानं कडेनं करपली होती, खालचा निम्मा वेल वाळला होता. दाजी विजयानं म्हणाले, "ह्या अंगणात परका म्हणावा तर एवढाच."

अक्का ताटं उचलत होती. ती सरळ उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "व्हय. त्यो बी परका आन् म्या बी परकीच. दोघं बी एकाच घरनं आलाव."

आणि ताटं घेऊन आत गेली. दाजींचं बोट थोडा वेळ तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी ते खाली घेतलं आणि टोपी घालून कुंभारवाड्याकडे निघून गेले. बायको रुसली असताना हा माणूस कुंभाराकडे जातो, यावर मी उमरग्याच्या शिक्षकांच्या खोलीत पुढे दोन आठवडे काढले.

कुंभाराकडून त्यांनी दोन गोष्टी करवून घेतल्या. एक, जूनच्या चित्रातला मातीचा सूर्य. आणि दुसरी, खापराच्या हातभर लांबीच्या नळ्या, चांगल्या वीसेक. सूर्याचा हिशेब लागत होता. नळ्यांचं काय, हे खुद्द कुंभारालाही उमगलं नव्हतं. "कशाला वो लागत्यात म्हनलं, तर म्हनले मेक्सिकोत लागत्यात," तो मला म्हणाला. गावानं मात्र ताबडतोब ओळखलं. एका चित्रात अंगणाच्या मधोमध कारंजं होतं. प्यायला पाणी नाही, बायका टँकरमागं पळतायत, रोजगाराच्या कामावर माणसं खडी फोडतायत, आणि हा माणूस कारंजं करतोय. टँकरच्या रांगेत बायकांनी अक्काला ऐकवलं. संघाच्या चेअरमननी गोदामात बोलावून विचारलं. दाजींनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बगू," एवढंच म्हणाले. माणसानं निदान खोटं तरी बोलावं, असं मला तेव्हा वाटलं.

सूर्याची वेगळीच कथा झाली. दाजींनी सांगितलं होतं, तोंड हसरं पाहिजे. कुंभार म्हणाला, "सूर्व्या कशापायी हसंल, दाजी, औंदा?" तरी त्यानं ओठ थोडे वर वळवले. पण बाप्याचं तोंड मिशीवाचून करायची त्याच्या हाताला सवय नव्हती, म्हणून भरघोस मिशा लावल्या. कल्ले काढले. दाजींनी वर पिवळा रंग दिला आणि तो परातीएवढा सूर्य निळ्या भिंतीवर, दाराच्या वर बसवला. "आभाळातला एक निस्तरंना झालाय," अक्का म्हणाली, "आनि ह्येनी दुसरा आनून लावला." पंधरा दिवसांनी मैलारपूरच्या खंडोबाला निघालेली माणसं रस्त्यानं चालली होती. पिवळा वर्ण, भरघोस मिशा, भोवती तेजाचे किरण. एका म्हाताऱ्यानं हात जोडले, "येळकोट" म्हटलं आणि मूठभर भंडारा उधळला. मागून येणाऱ्यांनी त्याचं बघून नारळ फोडला. त्यानंतर सोलापूरकडे जाणारे ड्रायव्हरसुद्धा गाडी हळू करून कपाळाला हात लावू लागले. दाजी दारात उभं राहून सांगत, की अहो, हा मेक्सिकोचा आहे. लोक म्हणत, "आसंल की. देव कुठला बी असतुया." रुसलेल्या भाऊबंदांच्या बायका मात्र देवासाठी म्हणून परत यायला लागल्या, आणि आल्या की हळदी-कुंकू घेऊन जायला लागल्या. निळ्या भिंतीनं तोडलेलं पिवळ्या तोंडानं जोडलं, यात दाजींचं कर्तृत्व शून्य होतं.

मग त्यांनी अंगणात वाट केली. ऑगस्टच्या चित्रात रंगीत फरश्यांची वाट होती. फरश्या कुठून आणणार? दाजींनी अक्काच्या फुटक्या कपबश्या जमवल्या. तेवढ्यानं भागेना, तेव्हा न फुटलेल्याही दोन-तीन हातातून निसटल्या. ढाब्यावरून फुटक्या बश्या आणल्या, बाजारातून बांगड्यांचे तुकडे आणले. आठ दिवस ते एकटेच खणत होते. मदत कुणाची घेतली नाही. मी शनिवारी पोचलो तो वाट तयार. न्हाणीच्या भिंतीपासून निघायची, निवडुंगाला वळसा घालून वाकडीतिकडी जायची आणि पूर्वेच्या कोपऱ्यात, त्या मरायला टेकलेल्या मोगऱ्याच्या हातभर अलीकडे, एकदम संपायची. त्या कोपऱ्यात ना दार, ना आड, ना बसायचा कट्टा. न्हाणीतून निघालेला माणूस तिथं जाऊन करणार काय?

"दाजी, ही वाट कुठं जाते?" मी विचारलं.

दाजी गुडघ्यावर बसून एका बशीचा तुकडा दाबत होते. मान वर न करता म्हणाले, "पाव्हणं, मेक्सिकोत वाटा कुठं जात नसतात."

हे वाक्य मी उमरग्यात इतक्या वेळा सांगितलं, की हेडमास्तरसुद्धा मीटिंग लांबली की म्हणू लागले, "चला, मेक्सिकोची वाट झाली ही."

आणि याच दिवसांत दाजींना रोज आंघोळ करायचं वेड लागलं. ज्या काळात आंघोळ हा चार दिवसांनी येणारा सण होता, त्या काळात. गोदामामागं एक विहीर होती, तिच्या तळाशी गढूळ, जनावरानंही तोंड लावू नये असं पाणी उरलं होतं. दाजी रोज सकाळी सायकलला घागर बांधून ते पाणी आणत. चढाचा रस्ता, अर्धा तास. घागर घेऊन न्हाणीत शिरत, दार लावून घेत आणि आतून बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येई. हळूहळू ओतत, गुणगुणत ओतत. अक्का चुलीपाशी चडफडत असे. "मानसाला घोटभर पानी न्हाय, आनि ह्येन्ला रोजची आंगूळ. लई साहेबी." एका रविवारी ते बाहेर आले तेव्हा मी दारातच होतो. केसांचं तेल जागच्या जागी होतं. खांद्यावरचा टॉवेल घडी न मोडलेला. आणि अंगाचा बारदानाचा वास आत शिरतानाचा जसाच्या तसा. मी म्हणालो, "दाजी, आंघोळ झाली?" म्हणाले, "झाली की. मेक्सिकन." हेही मी उमरग्याला नेलं. पाण्याचा आवाज ऐकून ज्याची आंघोळ होते असा जगातला एकमेव पुरुष, म्हणून दाजींची ख्याती झाली. न्हाणीचं पाणी बाहेर जायची गल्लीतली नाली तेव्हा ठणठणीत कोरडी असायची. ती मी दर खेपेला ओलांडत होतो. मी शिकलेला माणूस, तिच्याकडे कशाला बघतोय.

त्या उन्हाळ्यात मोगरा मेला नाही. सगळ्या गल्लीची तुळस गेली, लिंबू गेलं, काकूंची जास्वंद गेली. मोगऱ्याला मात्र बुडातून नवी पालवी फुटली. मे महिन्यात एका संध्याकाळी त्याला तीन कळ्या आल्या. अक्कानं त्या मोजून मला दाखवल्या. आणि मग इकडेतिकडे बघून, मला कोपऱ्यात ओढून, हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नगंस. ह्येनी गोदामात गेलं की म्या भांडी धुतल्यालं पानी तांब्या-तांब्यानं घालते. ह्येन्ला वाटतंय, थेंब बी न्हाय." ती गालात हसत होती. नवऱ्याला फसवल्याचा एवढा आनंद मी फार थोड्या बायकांच्या तोंडावर पाहिला आहे.

दाजींनी त्या तीन कळ्यांचं श्रेय सरळ मेक्सिकोच्या पदरात टाकलं. गोदामात, चहाच्या टपरीवर, गुरुजींच्या ओट्यावर सांगत सुटले, "थेंब न घालता जगला. म्हनलं व्हतं का न्हाय?" अक्का आतून ऐकायची आणि पदराआड हसायची. दाजी सांगता सांगता मिशीत हसायचे. दोघंही एकमेकांना फसवल्याच्या समाधानात होती आणि अशी पुढची बरीच वर्षं गेली. दुष्काळ सरला, पाऊस पडू लागला, कॅलेंडरचे रंग उडाले, कारंजं कधी झालंच नाही. गाव त्याबद्दल विसरून गेलं. सकाळची आंघोळ मात्र उन्हाळा लागला की पुन्हा सुरू होत असे.

दाजी गेले ते माघात. गोदामातून घरी आले, निळ्या भिंतीला टेकून बसले आणि उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी गुरुजी आले. भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि गेले.

दोन वर्षांनी गावात नळयोजना आली. अक्काच्या अंगणातून लोखंडी पाइप न्यायचा होता, आणि सरळ रेघेत आडवी येत होती ती कुठंही न जाणारी वाट. मी सुट्टीला आलो होतो. खणणाऱ्या गड्यानं कुदळ घातली, कपबश्यांचा थर निघाला, आणि खाली खण्ण वाजलं. त्यानं हातानं माती सारली. खापराची नळी होती. तिला जोडून दुसरी, पुढे तिसरी. एकीत एक घातलेल्या, सांध्यांना चुना भरलेल्या. न्हाणीच्या मोरीपासून निघून, वाटेच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत, त्या थेट मोगऱ्याच्या बुडाशी जाऊन थांबल्या होत्या. शेवटच्या नळीच्या तोंडातून मोगऱ्याची पांढरी मुळं आत शिरली होती.

गडी म्हणाला, "मास्तर, ह्यो कारंज्याचा का काय?"

घडी न मोडलेला टॉवेल माझ्या डोळ्यांपुढे आला. चढावरची सायकल आली, तिला बांधलेली घागर आली. ते सगळं मी पाहिलं होतं आणि त्यातली प्रत्येक गोष्ट मी गावोगाव विकून हशा मिळवला होता. मोगरा माझ्याही आईचा होता. त्या दोन वर्षांत दर शनिवारी मी त्या अंगणात बसून जेवलो आणि एकदाही त्याच्या बुडाशी हात धुतले नाहीत. मला माझी लाज वाटली, आणि ती अजूनही वाटते.

अक्का चराच्या काठाशी बसली. पहिल्या नळीपासून शेवटच्या नळीपर्यंत तिनं नजर नेली आणि परत आणली. "म्हंजे रोज कोरडंच निगायचे," ती म्हणाली. मग, "एकदा सांगायचं तरी." आणि गड्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ह्ये हाय तसं झाक. तुजा पाइप वळसा घालून ने."

आठवड्यानं नळाला पाणी आलं. गल्लीत बायकांनी नळाला हळद-कुंकू वाहिलं. अक्कानं पहिली घागर भरून घेतली, ती चुलीकडे नेली नाही. न्हाणीत शिरली आणि दार लावून घेतलं. आतून पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला. हळूहळू ओतत होती, बराच वेळ.

ती बाहेर आली तेव्हा लुगडं कोरडं होतं. मी दारातच उभा होतो.

"झाली आंघोळ?" मी विचारलं.

"झाली," अक्का म्हणाली, आणि मोगऱ्याशी दोन शब्द बोलायला अंगणात गेली.